दोघांची केबिन

ओलेसुन, ९ नोव्हेंबर

प्रिय आफ्के,

गेल्या रविवारी बाबांच्या घरी जे झालं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे तुझ्यामाझ्यात त्यावरून गोंधळ नको.

१. जेवण झालं, कॉफी आली. टेबलाच्या एका बाजूला बाबा होते. समोर तू आणि मी, शेजारी शेजारी.

२. बाबांनी सांगितलं की पुढच्या जुलैत ते जहाजाने स्वालबार्डला जाणार आहेत. केबिन दोघांची आहे आणि दुसरी जागा रिकामी आहे.

३. "कुणाला यायचं असेल तर," असं ते म्हणाले. म्हणताना ते तुझ्याकडे बघत होते.

४. मी म्हणाले, "दुसऱ्या कुणाला हवी असेल तर आधी त्यांचं बघा."

५. तू म्हणालीस, "मी येते."

६. ताटलीत वॉफलचा शेवटचा तुकडा उरला होता. तोही तू खाल्लास.

यात काही चुकलं असेल तर कळव.

सहाव्या मुद्द्याबद्दल थोडा खुलासा. आमच्याकडे ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. फार तर त्याचा अर्धा घेतात. मग थोड्या वेळाने दुसरं कुणीतरी उरलेल्याचा अर्धा घेतं, आणि शेवटी जो चुरा राहतो तो भांडी घासताना जातो. समोरच्याने तीनदा आग्रह केला तरच पूर्ण घ्यायचा. तू हॉलंडमध्ये वाढलीस, सोल्वी आत्याने तुला हे सांगितलं नसेल, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

आता कामाचं. जुलै लांब वाटतो, पण अशा सहलीची तयारी आतापासूनच करावी लागते. अंगालगत सुती कपडा अजिबात नको. ओला झाला की वाळत नाही आणि माणूस गारठतो. अंगालगत पातळ लोकर, त्यावर जाड लोकर, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. पँटही पाणी न शिरणारी हवी, कारण किनाऱ्यावर रबरी बोटीतून नेतात आणि बोटीत पाणी उडतंच. बूट जहाजावर मिळतात, त्यांना आधी माप कळवावं लागतं. विम्यात हेलिकॉप्टरने परत आणण्याचा खर्च धरलेला आहे का, ते नीट वाचून घे. तिथे तेव्हा सूर्य मावळत नाही, तेव्हा झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी घे. फोन लागणार नाही.

सातव्या दिवशी जहाज होपेन बेटाच्या बाजूने जाणार आहे. तिथे उतरवत नाहीत. बेटावर हवामान खात्याचं ठाणं आहे आणि बाबा एक हिवाळा तिथे होते. त्याच हिवाळ्यात माझा जन्म झाला. ही बातमी त्यांना सोल्वी आत्याने रेडिओफोनवर दिली. मी पाच महिन्यांची असताना त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं. बातमी आली तेव्हा आपण नेमके कुठे उभे होतो ते मला एकदा दाखवायचं, असं ते माझ्या लहानपणी म्हणायचे. हे फक्त तुझ्या माहितीसाठी.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माणूस ठरवलेलं असतं त्यापेक्षा जास्त बोलतो.

तोरुन


ग्रोनिंगन, २१ नोव्हेंबर

प्रिय तोरुन,

तुझं पत्र मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलंय. इतकं सविस्तर मला कुणी कधी लिहिलं नव्हतं. शनिवारी जाऊन अंगालगतचे लोकरीचे दोन जोड घेतले. दुकानदार म्हणाला, बाई, हॉलंडात हे घालून काय करणार, उकडून मराल. मी म्हटलं, माझी मामेबहीण इंजिनियर आहे, तिने सांगितलंय. त्याने लगेच बिल केलं.

तुझे मुद्दे बरोबर आहेत. फक्त सहावा सांगते. तो तुकडा पाऊण तास तसाच पडून होता. त्यावरचं चीजसुद्धा वाकडं झालं होतं. मला वाटलं, कुणाला नकोय. आई गेल्यावर पहिल्यांदाच तुमच्याकडे आले होते. खाल्लं नाही तर मामांना वाईट वाटेल, असंही वाटलं. आता कळलं की तुम्ही दोघं माझ्याकडे का बघत होतात. मी समजत होते, माझ्या हनुवटीला जॅम लागलाय.

दवाखान्यातली रजा मंजूर झाली. आमच्या नेत्रविभागात जुलैत रजा मिळणं म्हणजे लॉटरी, पण मिळाली. हालवार मामा आता दर गुरुवारी फोन करतात. काय विचारायचं असेल ते तोरुनला विचार, म्हणतात. ती त्याच समुद्राचा तळ मोजते, तिला सगळं ठाऊक आहे. म्हणून विचारते. मला बोट लागते. ग्रोनिंगनच्या कालव्यातसुद्धा लागते. यावर काय करू?

आणि एक सरळ विचारते, रागावू नकोस. तुला यायचं होतं का?

तुझी,
आफ्के


ओलेसुन, २ डिसेंबर

प्रिय आफ्के,

बोट लागण्यावर गोळ्या आहेत. त्या त्रास सुरू व्हायच्या आधी घ्याव्या लागतात, नंतर घेऊन उपयोग नाही. कानामागे चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात, पण त्याने तोंड कोरडं पडतं आणि काहींना धूसर दिसतं. केबिन शक्यतो खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्याजवळची असावी. तुमची वरच्या मजल्यावर आणि पुढच्या टोकाला आहे. मी आराखडा पाहिला. तिथे सगळ्यात जास्त हलतं.

आणखी काही गोष्टी तुला आधीच ठाऊक असाव्यात म्हणून लिहिते. स्वालबार्डच्या पूर्वेकडे जुलैतही बर्फ वाहत येतो आणि धुकं तर नेहमीचंच. धुकं असलं की किनाऱ्यावर उतरवत नाहीत, कारण अस्वल दिसत नाही. अस्वल दिसलं तरी उतरवत नाहीत. त्यामुळे छापील कार्यक्रमातलं निम्मं झालं तरी लोक समाधान मानतात. त्या भागात समुद्राच्या तळाचं मोजमाप पुष्कळ ठिकाणी झालेलंच नाही. नकाशावर ती जागा कोरी सोडलेली असते आणि जहाज तिकडे जात नाही. होपेनच्या दिवशी धुकं असेल तर तुला एक करडी भिंत दिसेल, कदाचित तीही नाही.

केबिन लहान आहे. दोन बिछान्यांमध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा आहे. बाबा खिडकी उघडी ठेवून झोपतात. खिडकी उघडत नसेल तर ते दार उघडं ठेवतील. घोरतात. पहाटेच उठतात. सकाळी कॉफीचे दोन कप होईपर्यंत त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नाही. विचारलं तर हुं म्हणतात, आणि हुं म्हणजे हो की नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यांना समुद्र बघत असताना कुणी 'किती सुंदर' म्हटलेलं आवडत नाही.

तू विचारलंस त्याबद्दल: माझं उन्हाळ्यातलं काम त्या वर्षीच्या मार्चपर्यंत ठरत नाही. जहाज कुठे जाईल आणि त्यावर कोण असेल, हे तोपर्यंत सांगता येत नाही.

गुरुवारी फोनवर साधारण काय बोलणं होतं?

तोरुन


ग्रोनिंगन, १२ डिसेंबर

प्रिय तोरुन,

मी विचारलं होतं, तुला यायचं होतं का. तू तुझ्या जहाजाचं वेळापत्रक पाठवलंस. दवाखान्यात आम्ही लोकांना विचारतो, वरची ओळ दिसते का. काहीजण म्हणतात, आज आभाळ फार आहे. तसं झालं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, किती काळजी करते. दुसऱ्यांदा वाचताना माझा नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, ही तुला तयारी सांगत नाहीये, ही तुला घरी बसवतेय. मी त्याच्याशी भांडले. मग एकटीने तिसऱ्यांदा वाचलं आणि त्याची माफी मागितली.

तोरुन, पोटात दुखत असेल तर दुखतंय म्हण. मला राग येणार नाही. माझ्याही दुखतं. गुरुवारी काय बोलणं होतं ते विचारलंस ना? मामा सकाळी सातला फोन करतात, कॉफीच्या आधी, आणि पाऊण तास बोलतात. काय बोलतात? तोरुनने त्या खाडीचा तळ मोजला. तोरुन म्हणते तिकडे प्रवाह उलटा असतो. तोरुन सहा वर्षांची असताना तिने बंदरात दोरीला दगड बांधून खोली मोजली होती आणि आकडे खडूने वल्हवायच्या होडीवर लिहिले होते, ते मी दोन वर्षं पुसू दिले नाहीत, असं सांगतात. मी हं हं करते. माझ्या वडिलांना मी काय शिकले ते अजून नीट सांगता येत नाही. लोकांना सांगतात, चष्म्याच्या दुकानात आहे. दहा दिवस त्या केबिनमध्ये मी आणि मामा नसणार, तू आणि मामा असणार, आणि मी शेजारच्या बिछान्यावर झोपून ऐकणार.

तरीही मी जाणार आहे. एक कारण माझं आहे. आईने त्या रेडिओफोनची गोष्ट मला शंभर वेळा सांगितली. त्यावर एका वेळी एकालाच बोलता यायचं. ती 'मुलगी झाली' म्हणून थांबली आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तिला वाटलं संपर्क तुटला. मग मामांचा आवाज आला: "पुन्हा सांग." मला ते बेट बघायचंय.

दुसरं कारण मला सांगता येत नाही. मी शब्द दिलाय. त्यावरून काहीबाही तर्क करू नकोस.

नाताळच्या शुभेच्छा.

आफ्के


ओलेसुन, ३ जानेवारी

आफ्के,

नाताळला बाबांकडे चार दिवस होते. थोडक्यात लिहिते.

स्वालबार्डचा नकाशा त्यांनी कुठूनतरी मोठा छापून आणलाय, तो सगळ्या टेबलावर पसरलेला असतो. वर नवा दिवा लावलाय, दंतवैद्याकडे असतो तसला. रोज सकाळी ते जहाज कंपनीची पुस्तिका माझ्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, चष्मा कुठे गेला कोण जाणे, तू वाच जरा. मी चारही दिवस वाचली. ज्या सहलीला मी जाणार नाही तिचा कार्यक्रम, पहिल्या दिवसापासून, मोठ्याने, पाहुण्यासारखी बसून. एका सकाळी माझ्या कपात कॉफी ओतताना त्यांनी अर्धी बशीत ओतली. लक्ष नव्हतं. माझ्याशी बोलताना ते खिडकीकडे बघतात, दिव्याकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत. मी लहानपणी काही तोडलं-फोडलं की मी त्यांच्याशी असं बोलायचे.

निघताना पाहिलं, दाराजवळच्या खुंटीवर त्यांचा स्वेटर नव्हता. होपेनवरचा. निळा, कोपरांना ठिगळं असलेला. मला आठवतंय तेव्हापासून तो त्याच खुंटीवर आहे. विचारलं तर म्हणाले, आफ्केला पाठवला, ती कुडकुडेल.

तुझं दुसरं कारण काय आहे ते मला आता कळलं असं वाटतं. त्यांना तुझी सोबत आवडते. एवढं सांगायला शब्द देण्याघेण्याची गरज नव्हती.

स्वेटर मशीनमध्ये धुऊ नकोस.

तोरुन


ग्रोनिंगन, १४ जानेवारी

तोरुन,

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी मामांना फोन केला आणि म्हटलं, एक तर तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते, मला हे आणखी झेपणार नाही. मग म्हणाले, तूच लिही, मला तिच्यापुढे जमणार नाही.

तर ऐक. मामांच्या दोन्ही डोळ्यांत पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. वयाने होतं. उजवा जास्त गेलाय. आंधळे होणार नाहीत, चालता-फिरता येईल, पण समोरचं, मधलं, जे आपण रोखून बघतो ते नाहीसं होत जातं. वाचणं जातं. चेहरे जातात. कडेचं दिसत राहतं. येत्या जुलैत त्यांना जेवढं दिसेल तेवढं त्याच्या पुढच्या जुलैत दिसेल असं कुणी सांगू शकत नाही. सहल म्हणून आत्ता आहे. तुमच्याकडे नोव्हेंबरमध्ये आले तेव्हा त्यांनी कॉफीचा कप धरायच्या आधी टेबलावर हात फिरवला, तेव्हाच मला कळलं. भांडी घासताना मी विचारलं. त्यांनी कबूल केलं आणि माझ्याकडून शब्द घेतला. तोरुनला सांगू नकोस, म्हणाले. तिला कळलं तर ती मला मोजत बसेल.

त्यांच्या डोळ्यांसाठीच मी हो म्हणाले, असं सांगितलं तर खोटं होईल. हो आधी म्हणाले, विचारलं नंतर. मला जायचं होतं. जागा होती, मी मागितली. आमच्याकडे मागतात.

आता एक गोष्ट माझ्या कामातली. अशा माणसाला एखाद्याचा चेहरा बघायचा असेल तर त्याच्याकडे बघून दिसत नाही. सरळ बघितलं की तिथे धुरकट डाग येतो. मग माणूस आपोआप नजर थोडी बाजूला नेतो, म्हणजे चेहरा कडेच्या भागात येतो. आम्ही हे रुग्णांना शिकवतो. मामा स्वतःच शिकलेत. ते उजवीकडे बघतात. तुझं नाताळचं पत्र पुन्हा वाच. मग तुझं पहिलं पत्र काढ. तुझ्याकडे प्रत असणार, मला खात्री आहे. मुद्दा क्रमांक तीन वाच, आणि त्या टेबलाशी कोण कुठे बसलं होतं ते आठव.

स्वेटरबद्दल. त्यांनी तुला तो दोनदा देऊ केला होता म्हणे. तू दोन्ही वेळा म्हणालीस, राहू दे, तुम्हालाच लागेल. मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, हो, द्या.

तो मी परत पाठवत नाहीये. जागाही आपणहून सोडत नाहीये. मागितलंस तर देईनच असंही नाही, कारण मलाही हवी आहे. पण तू अजून मागितलेलंच नाहीस. तीन पत्रं लिहिलीस, अस्वलं पाठवलीस, धुकं पाठवलंस, बोट लागायची व्यवस्था केलीस. मागितलं मात्र नाहीस.

आफ्के


ओलेसुन, २५ जानेवारी

प्रिय आफ्के,

प्रत होती.

गेल्या रविवारी बाबांकडे गेले. आधी काही बोलले नाही. तुझ्या खुर्चीत न बसता माझ्याच खुर्चीत बसले आणि शेजारची रिकामी ठेवली. ते माझ्याशी बोलायला लागले आणि नजर रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर होती. मग मी काही न सांगता उठून शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांची नजर आणखी तेवढीच उजवीकडे सरकली, भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बाबा, त्या दिवशी तुम्ही कुणाला विचारत होता?"

"कधी?"

"वॉफलच्या दिवशी. जहाजाचं."

"तुलाच की. अजून कुणाला?"

"तुम्ही आफ्केकडे बघत होता."

यावर ते थोडा वेळ हाताने टेबलावरचा चुरा गोळा करत राहिले. मग म्हणाले, "तुझ्याकडे बघायचं तर हल्ली मला तुझ्या शेजाऱ्याकडे बघावं लागतं."

मी विचारलं की मग पुन्हा का नाही विचारलंत. ते म्हणाले, विचारणार होतो, तीनदा विचारणार होतो, पण दुसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत ती हो म्हणाली. आणि हो म्हणालेल्या माणसाला काय सांगणार. पुढे म्हणाले की पोरीला बघून बरं वाटलं, सोल्वीसुद्धा अशीच होती, म्हणून तर इथे टिकली नाही. त्यात तुझं कौतुक होतं. मला ते ऐकायला आवडलं नाही, पण तुझ्यापर्यंत पोचवायला हवं म्हणून लिहिलं.

मी त्यांना मोजणार नाही असं सांगितलं. त्यांनी हुं केलं. हे 'नाही' होतं.

आमच्याकडे एक यंत्र आहे, ते जहाजामागून पाण्याखाली दोरीने ओढत नेतात. डाव्या-उजव्या बाजूचा तळ ते स्वच्छ दाखवतं. बरोबर स्वतःच्या खालची पट्टी मात्र त्याला दिसत नाही. म्हणून जी गोष्ट बघायची असेल तिच्या डोक्यावरून जायचं नसतं, तिच्या बाजूने जायचं असतं. मी रोज हेच काम करते, नव्या मुलांना हे मीच शिकवते, आणि चार दिवस समोर बसून मला ते ओळखू आलं नाही. मी फक्त ते कुणाकडे बघताहेत तेवढंच बघत होते.

ताटलीत शेवटचा तुकडा होता. तो मी खाल्ला. बाबांनी ताटली चाचपली आणि विचारलं, गेला? मी म्हटलं, हो, मी खाल्ला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सहलीबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की ती जागा आता आफ्केची आहे, मला विचारू नकोस, तिला विचार.

जहाज कंपनीकडे चौकशी केली. जहाज भरलंय. प्रतीक्षा यादीत माझ्या आधी सहा जण आहेत, त्यामुळे तिघांनी जाण्याचा मार्ग नाही. प्रवाशाचं नाव बदलायची मुदत तेरा फेब्रुवारीपर्यंत आहे. माझ्या कामाचं मी मार्चची वाट न बघता बोलून ठेवलं. जुलैत मला सुट्टी मिळते. ती नोव्हेंबरमध्येही मिळाली असती. हे मी तुला डिसेंबरात लिहायला हवं होतं.

तुझा हक्क माझ्यापेक्षा कमी आहे असं मला सिद्ध करता आलं नाही. मी प्रयत्न केला. तुझ्या आईचा आवाज त्या बेटावर पोचला होता, माझा नव्हता. शिवाय डोळ्यांचं तुला कळतं, मला कळत नाही. माझ्या बाजूने एकच गोष्ट आहे. होपेन आलं की समोर काय आहे ते त्यांना कुणीतरी सांगावं लागेल: कडा कुठे सुरू होतो, बर्फ किती उरलाय, ठाण्याची घरं कुठल्या रंगाची आहेत, दारात कुणी उभं आहे का. मला वाढवून सांगता येत नाही, आणि 'किती सुंदर' मी म्हणणार नाही. ते जिथे उभे होते ती जागा त्यांना आता कडेनेच दिसेल, पण मी समोर बघून सांगू शकेन, आणि मी बरोबर सांगितलं की नाही ते त्यांनाच ठाऊक असेल.

तेव्हा मागते. केबिनमधली ती जागा मला हवी आहे. स्वेटरही हवा आहे.

तू नाही म्हणालीस तर मी तुला खालच्या मजल्यावरच्या, मधल्या केबिनचे आकडे पाठवते. तिकडे कुणाशी अदलाबदल करता आली तर बोट कमी लागेल. हे मी मनापासून लिहिते आहे, तुला घरी बसवायला नाही.

हो असो वा नाही, तुझं उत्तर मंगळवार, दहा फेब्रुवारीपर्यंत कळव.

तोरुन